सुमनबाई सरपंच झाली

मला गावात सगळे मास्तर म्हणतात, पण मी कोणत्याच शाळेत कधी शिकवलेलं नाही. मी कॅटेकिस्ट होतो. कॅथलिक मिशनमध्ये धर्मशिक्षकाला कॅटेकिस्ट म्हणतात. शिरड शहापूरच्या पुढे आडरस्त्याला आमची वाडी आहे. तिथं पत्र्याचं एक लहानसं चॅपल आहे. फादरांचं मुख्य ठिकाण लांब. ते मोटारसायकलवरून अधूनमधून यायचे, मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, करायचे, चार माणसांची विचारपूस करायचे आणि पुढच्या गावाला निघून जायचे. ते गेल्यावर मागे जे उरायचं ते माझं काम. लेकरांना क्रूसाची खूण शिकवायची, लग्न ठरलेल्या पोरापोरींना समोर बसवून चार गोष्टी सांगायच्या, आजाऱ्याच्या उशाशी जपमाळ म्हणायची, मयताला पुढं चालायचं, आणि ज्या रविवारी फादर नसतील त्या रविवारी प्रार्थना घ्यायची. मिस्सा मला करता येत नाही, पापाची क्षमा मला देता येत नाही. बाकी जवळजवळ सगळं येतं. नवरा-बायकोचं भांडण मिटवणं यात धरलेलं नाही, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

बाहेरच्या माणसाला वाटतं की धर्माचं काम करणाऱ्याचा राजकारणाशी काय संबंध. संबंध मी शोधायला गेलो नाही, तोच चॅपलच्या दारात येऊन उभा राहायचा. आमची घरं थोडी, पण एका जागी. त्यामुळे आमची मतं एका टोपलीत आहेत असा सगळ्यांचा समज. निवडणूक जवळ आली की नाताळला गर्दी वाढायची. एका वर्षी एका उमेदवाराने आल्या आल्या वेदीच्या पायरीवर नारळ फोडला. पाणी सगळीकडे उडालं. तेव्हा आमच्याकडे फादर इनास होते. त्यांनी खाली वाकून नारळाचे तुकडे गोळा केले आणि लेकरांना वाटून टाकले. उमेदवाराला म्हणाले, "छान झालं. आता खालीच बसा, मिस्सा संपेपर्यंत हलायचं नाही." तो बिचारा मांडी बदलत बदलत शेवटपर्यंत बसला.

दुसऱ्या एकाने तर मला कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर बोलावून घेतलं. चहा झाला, भजी झाली, मग हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचे सगळ्यात मोठे फादर रोमला राह्यतात म्हणे. त्याहिचा निरोप आला की तुमी सारे एकाच बाजूनं जाता. तो निरोप कवा येत असते?"

मी म्हणालो, "साहेब, रोमहून निघालेला निरोप आमच्या वाडीत पोचेपर्यंत मतदान होऊन गेलेलं असतं."

त्याला ते खरं वाटलं. "मग थोडा लवकर धाडायला सांगा ना," म्हणाला.

फादर इनास वसईकडचे. त्यांच्या बोलण्याला समुद्राकाठचा हेल होता. आमच्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. त्यांच्या गावी म्हणे पाण्याचा प्रश्न असो, जमिनीचा असो, लोक चर्चच्या अंगणात जमायचे आणि तिथूनच मोर्चा निघायचा. आमच्याकडे आल्यावर त्यांना पहिला धक्का बसला तो याचा की इथला माणूस चॅपलमधून बाहेर पडताना आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघतो. त्यांनी मला विचारलं, "मास्तर, कोणाला भितात हे?" 

याचं उत्तर द्यायला मला तेव्हा बराच वेळ लागला. वाचकांनाही थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे बहुतेक लोक मातंग समाजातले. एकाच घरात एक भाऊ मिस्सेला येतो आणि दुसरा खंडोबाला जातो. रोटीबेटी, मयत, भांडण सगळं एकत्र. आता कायदा असा आहे की अनुसूचित जातीचा दाखला हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. माणूस ख्रिस्ती झाला की कायद्याच्या लेखी त्याची जात गेली. गावाच्या लेखी मात्र ती जागच्या जागीच असते. म्हणून आमच्या वाडवडिलांनी पोरांची नावं शाळेत हिंदू मातंग म्हणूनच घातली, आणि रविवारी तीच पोरं माझ्यासमोर डोळे मिटून बसायची. इथं कोणी पाहिलं आणि तक्रार केली तर दाखला जाईल, ही ती भीती. हा कायदा बदला म्हणून आम्ही हिंगोलीला कलेक्टर कचेरीसमोर फलक घेऊन किती वेळा बसलो. फादर इनास उन्हात डोक्यावर रुमाल टाकून सगळ्यांत पुढे. निवेदन द्यायचं, साहेबांनी घ्यायचं, आणि आम्ही बसने परत यायचं.

या सगळ्यात सुमनबाई होती.

तिचे वडील दावीदकाका सनई वाजवायचे. लग्नसराईत सगळ्या जातींच्या मांडवात, आणि नाताळला आमच्या चॅपलमध्ये. तो सूर सुमनच्या गळ्यात उतरला होता. लग्न होऊन गेली, नवरा लवकर वारला, तशी लहान पोरगी कडेवर घेऊन माहेरी परत आली आणि दुसऱ्याच रविवारी खिडकीजवळच्या चटईवर येऊन बसली. तिने तोंड उघडलं की चॅपल भरल्यासारखं वाटायचं. मी स्वतः बेसूर. प्रार्थना माझी, गाणं तिचं, अशी आमची वाटणी झाली. रोजगाराने हळद काढायला गेली तरी तिथंही गात राहायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, सुमन असली की दिवस लवकर मावळतो. माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान. मला सख्खी बहीण नाही. ती जागा तिने कधी घेतली मला कळलंही नाही.

मग दावीदकाका वारले.

आम्ही पुरतो. आमची जागा गावाबाहेर ओढ्याच्या वरच्या अंगाला, गायरानाच्या कडेला. तिथं जायची पायवाट पिढ्यांची होती, पण कागदावर कुठं नव्हती. शेजारच्या शेतवाल्याने त्या वर्षी शेताबरोबर वाटही नांगरून टाकली आणि काटेरी कुंपण घातलं. आम्ही मयत घेऊन तिथं पोचलो तर तो कुंपणापाशी उभा. म्हणाला, "माझ्या शेतातून न्हाई." दावीदकाकांनी त्याच माणसाच्या लग्नात सनई वाजवली होती. मी ते बोलून दाखवलं. तो दुसरीकडे बघत राहिला.

ऊन चढत चाललं होतं. खांदेकरी खांदा बदलत होते. सरपंचाला फोन लावला, तो हिंगोलीला गेलेला. म्हणाला, "समजुतीनं घ्या, मी संध्याकाळी येऊन राहिलो." मयत संध्याकाळपर्यंत थांबत नाही हे त्याला कोण सांगणार.

तेवढ्यात पलीकडच्या तांड्यावरचे हरिसिंग नाईक आले. वयस्कर माणूस, ओढ्याच्या दुसऱ्या काठाला त्यांचा हळदीचा तुकडा. काय झालं ते त्यांनी विचारलं, कुंपणाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या वावरातून चला. सरीत पाय ठिवा, वरंब्यावर न्हाई."

उभ्या हळदीतून आम्ही दावीदकाकांना नेलं. एकामागे एक, पानं बाजूला करत. नाईकांनी चपला काढून हातात घेतल्या आणि पुढं चालले. मागे सुमन होती. त्या दिवशी तिने गायलं नाही. मातीची मूठ टाकून झाल्यावर माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "मास्तर, हे असंच चालायचं का?"

पुढच्या निवडणुकीत आमच्या गावचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी सुटलं.

दोन्ही पॅनलना बाई पाहिजे होती. हरिसिंग नाईकांचं वजन एका पॅनलमध्ये होतं. तेच सुमनच्या दारात आले. म्हणाले, "बाई, तू बोलतीस बराबर, हिशोबाची हायेस, कोणाची मिंधी न्हाईस. उभी राह्य." तिचा दाखला शाळेपासूनचा होता, हिंदू मातंग. कागदाला काही अडचण नव्हती. अडचण तिला होती.

ती चॅपलमध्ये आली तेव्हा फादर इनास नुकतीच मिस्सा आटोपून वेदीवरचं कापड घडी करत होते. मी मेणबत्त्या विझवत होतो. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, "फादर, काय करू?"

फादरांनी घडीची कड जुळवली. मग म्हणाले, "पोरी, मी तुला जा म्हणू शकत नाही आणि थांब पण म्हणू शकत नाही. खोटं सांगून खुर्चीवर बसणं चूक आहे, हे मला पाठ आहे. पण तुझ्यावर ही वेळ आणणारा कायदा बरोबर आहे असं मी म्हटलं, तर ते पण खोटंच होईल."

"मंग मीच ठरवते," ती म्हणाली. "मी उभी राहीन. पण दाखल्यावर एक लिवायचं आन् इथं येऊन ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, हे मला जमणार न्हाई. लोक बघतील म्हनून न्हाई. मलाच जमणार न्हाई. आजपासून पद सुटेतवर मी येणार न्हाई, फादर."

मी म्हणालो, "सुमन, असे कितीतरी लोक येतात. सगळ्यांचे दाखले तसेच आहेत."

"ते खुर्चीवर बसत न्हाईत, मास्तर. मी गावाम्होरं उभी राहून एक बोलणार. मंग इथं वेगळं कसं बोलू?"

फादरांनी कापड खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादाचे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. हात मात्र बराच वेळ तसाच होता.

ती गेली. तिच्या मागे दार लावताना मला वाटलं, पाच वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील.

प्रचारात सुमनने मारुतीच्या देवळात नारळ फोडला. विधवा बाई म्हणून पुजाऱ्याने कुंकू लावावं की नाही असा घोळ घातला, तेव्हा हरिसिंग नाईकांनी गुलालच लावला. ते फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले. आमच्या चॅपलमध्ये बोलणं सुरू झालं. "खुर्चीसाठी येशूला सोडलं." माझी बायको शांता तर तिच्याशी बोलायचीच थांबली. मी घरात समजावून सांगितलं तर म्हणाली, "तुमाला तिचा पुळका हाय. लेकरांना काय सांगणार? गरज पडली की क्रूस खिशात घाला?"

त्या वर्षीचा नाताळ माझ्या चांगला ध्यानात आहे. मतदान जवळ आलेलं. दोन्ही पॅनलचे लोक आले, केक कापला गेला, शाली झाल्या, प्रत्येकाने प्रभू येशूच्या शांतीच्या संदेशावर भाषण केलं. सगळे उमेदवार आले. आमची स्वतःची उमेदवार तेवढी आली नाही. खिडकीजवळच्या चटईवर कोणी बसलं नव्हतं. गाणी पोरींनी म्हटली, पण एकमेकींकडे बघत, कोण आधी सुरू करतं म्हणून थांबत.

सुमनबाई निवडून आली. मी मत कोणाला दिलं ते इथंही सांगणार नाही.

सरपंच म्हणून ती कशी होती हे गावाला विचारा, मी पक्षपाती आहे. एवढं सांगतो की ग्रामसभेत तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा आणि माईक बंद पडला तरी काम अडायचं नाही. पहिलं काम तिने तांड्यावरच्या पाण्याचं केलं. दुसरं हिंदू स्मशानभूमीच्या शेडचं. आमच्या वाटेचं नाव नाही. चॅपलमध्ये परत कुरकुर, "आपलीच बाई आन् आपलंच काम शेवटी." मी एकदा पंचायतीच्या पायरीवर तिला गाठलं. आजूबाजूला माणसं होती, म्हणून ती मला दाखल्यासाठी आलेल्या माणसासारखं बोलली, "तुमचा अर्ज ध्यानात हाय." मग पायऱ्या उतरता उतरता हळूच, "आधी आपलं केलं तर दुसरं काही करू देणार न्हाईत, मास्तर. अन् आपलंही मोडतील. थोडं धीरानं घ्या."

तिचं बरोबर होतं. तरी व्हायचं ते झालंच. हरलेल्या पॅनलने तक्रार केली की सरपंचबाई ख्रिश्चन आहे, दाखला खोटा आहे. प्रकरण जात पडताळणीकडे गेलं. गावात तिच्यावर पाळत सुरू झाली. तिच्या घरी कोण येतं, भिंतीवर कोणता फोटो आहे, रविवारी ती कुठं असते. दोन पोरं तर फोन हातात घेऊन चॅपलच्या समोरच्या पानटपरीवर बसून राहायची. मला बघून रामराम घालायची. मीही घालायचो.

याच काळात वाटेचं काम झालं. तहसीलचे लोक येऊन मोजणी करून गेले, हरिसिंग नाईकांनी बांधालगतचा पट्टा स्वखुशीने लिहून दिला, मुरूम पडला, आमच्या जागेला दगडी कठडा झाला. ओढ्यापलीकडच्या बाजूने का होईना, आम्हाला आमची वाट मिळाली. आणि त्या वाटेवरून पहिली नेली ती सुमनची आई.

गंगूमावशी शेवटपर्यंत मिस्सेला यायची. लेक येत नाही म्हणून तिने कधी कोणाला दोष दिला नाही. कोणी टोचून बोललं तर म्हणायची, "तिच्या वाटचं मी बसून राहिले ना इथं." ती गेली तेव्हा सगळं गाव मयताला आलं. हिंदू भाऊबंद, तांड्यावरचे लोक, दोन्ही पॅनलचे पुढारी. ती फोनवाली पोरंही आली.

फादर इनास आजारपणामुळे येऊ शकले नाहीत, मी पुढे होतो. कठड्याच्या आत आमची माणसं, बाहेर बाकीचं गाव. सुमन लेक म्हणून आत आली, आईच्या पायाशी उभी राहिली. मी प्रार्थना सुरू केली, "पित्याच्या, पुत्राच्या..." आणि आतल्या सगळ्यांचे हात कपाळाकडे गेले. सुमनचाही गेला. मी समोरच होतो. तिचा उजवा हात वर आला, बोटं कपाळाला टेकली, आणि तिथंच थांबली. मग तिने तोच हात बाजूला नेला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

पदर नीटच होता.

मी पुढची प्रार्थना कशी म्हटली ते मला आठवत नाही. परतताना शांता माझ्याबरोबर होती. अर्ध्या वाटेवर ती थांबली. मग म्हणाली, "दिसलं मला." संध्याकाळी तिने भाकरी-पिठलं केलं, डबा भरला आणि सुमनच्या घरी स्वतः घेऊन गेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. तो डबा द्यायला एरवी मी गेलो असतो.

काही दिवसांनी जात पडताळणीच्या दक्षता पथकाचे साहेब चौकशीला आले. सभ्य माणूस होता. चॅपलमध्ये येताना त्यांनी बूट बाहेर काढले. चटईवर बसले, पाणी प्यायले आणि मला विचारलं, "सरपंचबाई इथं येतात का?"

मी म्हणालो, "नाही. येत नाहीत."

"नाताळला, सणावाराला?"

"कधीच नाही."

हे मी साक्षीदार म्हणून बोलत होतो, अगदी खरं. पण तसं सरळ तोंडाने उच्चारल्यावर मला ते नव्याने कळलं. येत नाहीत. कधीच नाही. मी खिडकीजवळच्या रिकाम्या चटईकडे बघितलं. साहेबांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, "आधी यायच्या?"

खोटं बोलायचं नाही हे मी आयुष्यभर लेकरांना शिकवलं होतं. आणि सुमनलाही मी खोटं बोललेलं आवडलं नसतं. "यायची," मी म्हणालो. "इथं बसून गायची. उभं राहायचं ठरवलं त्या दिवसापासून आली नाही. मी बोलावलं तरी आली नाही."

त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. जाताना बूट घालता घालता म्हणाले, "फार चांगलं गायच्या का?" मी नुसती मान हलवली.

मला वाटलं, माझ्या बोलण्याने तिचं पद गेलं. पण वाडीतले मातंग समाजाचे म्हातारे, जे कधी चॅपलची पायरी चढले नव्हते, ते सगळे साहेबांसमोर जाऊन बसले. सुमनचे चुलतचुलते. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "सायब, तिचा बाप कुठं हात जोडत व्हता ते आमाला म्हाईत हाय. तिचं तिला म्हाईत. पण पोरगी आमची हाय. आमच्यात जन्मली, आमच्यात ऱ्हाती, आमच्या पंगतीला बसती. तिला आमच्यातून काढायचा हक्क आमी कोणाला दिला न्हाई." पुढे निकाल तिच्या बाजूने लागला.

ज्यांनी तिला जवळ केलं त्यांचा मला आनंद झाला, आणि त्याच घटकेला मला त्यांचा हेवाही वाटला. ते उघडपणे म्हणू शकत होते की सुमन आमची आहे. आम्हाला ते कुजबुजताही येत नव्हतं. आम्ही तिला आपलं म्हटलं की तिचं नुकसान.

फादर इनासांची त्यानंतर बदली झाली. नवे फादर तरुण आहेत, भले आहेत, पण गावं जास्त आणि फादर कमी, त्यामुळे मिस्सा आता महिन्यातून एकदाच होते. आमची पोरं पुण्याला कंपन्यांत गेली. नाताळला येतात आणि चॅपलबाहेर उभी राहून फोनवर बोलतात. मीही कामातून निवृत्त झालो. दुसरं कोणी नाही म्हणून रविवारची प्रार्थना अजून घेतो.

सुमनची मुदत संपली त्याच्या पुढच्या रविवारी मी लवकर जाऊन चॅपल झाडलं. एरवी शनिवारीच झाडतो. चटया झटकून टाकल्या, खिडकी उघडली. प्रार्थना मुद्दाम थोडी उशिरा सुरू केली. ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

मग एक दिवस शिरड शहापूरच्या बसथांब्यावर ती भेटली. हातात पिशवी, पायात साध्या चपला, अंगावर पंचायतीतली ती कडक साडी नाही. पोरगी नांदेडला नर्सिंग शिकते, तिला भेटायला निघाली होती. आम्ही निंबाखाली बसलो. इकडचं तिकडचं झालं. शेवटी मी विचारलंच, "सुमन, आता काहून येत न्हाईस?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पोरीचा दाखला पडताळणीला गेलाय, मास्तर. तिच्या बापाचे कागद न्हाईत, माझ्याच दाखल्यावर तिचा उभा हाय. आता मी आले तर तिचं शिक्षण जाईल. माझं पाच वर्साचं व्हतं, ते भोगलं. हे किती दिवसाचं हाय ते मलाबी ठाव न्हाई."

लेकरासाठी आई काय काय सोडत नाही.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "रविवारी ती प्रार्थना अजून म्हनता का? राज्य करणाऱ्यांसाठीची?"

आमच्या उपासनेत भाविकांच्या प्रार्थना असतात. पोपसाठी, धर्मप्रांतासाठी, आजाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी. त्यात एक राज्यकर्त्यांसाठी असते: देशाचे, राज्याचे आणि गावाचे कारभारी न्यायाने वागोत. ही प्रार्थना वाचायचं काम माझं. "म्हणतो की," मी म्हणालो. "दर रविवारी."

"गावाचे बी म्हनता ना त्यात? सरपंच?"

"म्हणतो."

ती हसली. "मला ठाव व्हतं. रविवार असला की पंचायतीच्या हापिसात एकटीच जाऊन बसायचे, कुलूप उघडून. आता मास्तर तिथं पोचले असतील, आता माझं नाव न घेता मला म्हनत असतील. तेवढा वेळ डोळे मिटून बसायचे. सगळी माझ्यासाठी म्हनतात, ज्याहीचं माझ्याशी बोलणं न्हाई ते बी म्हनतात, असं वाटायचं." मग तिने पिशवी मांडीवर सरकवून घेतली. "आता सरपंच दुसरा. आता तिथूनबी गेले मी, मास्तर."

बस आली. ती चढली. खिडकीशी बसून तिने हात केला, मीही केला. बस वळणाआड गेली तरी मी तिथंच उभा होतो.

त्या रविवारी मिस्सा होती, फादर वेदीवर होते. मी भाविकांच्या प्रार्थना वाचायला उभा राहिलो. पोपसाठी झालं. देशाच्या, राज्याच्या, गावाच्या कारभाऱ्यांसाठी झालं. नव्या सरपंचाचं भलं होवो, तो काही वाईट माणूस नाही. पुढची आजाऱ्यांसाठीची होती. मी पान उलटलं नाही. छापलेलं नव्हतं ते म्हणालो: "ज्यांना इथं यायचं आहे आणि येता येत नाही, त्यांच्यासाठी."

फादरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पत्र्यावर चिमणी चालली ते ऐकू आलं. मग शांताने सगळ्यांत आधी प्रतिसाद दिला, "प्रभू, आमचं ऐक." तिच्या मागून सगळ्यांनी दिला. ज्यांनी सुमनला नावं ठेवली होती त्यांनीही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात आमचं चॅपल एवढ्या मोठ्याने बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. खिडकी उघडी होती. पंचायतीचं ऑफिस तिथून लांब नाही, पण ते आता कोणा दुसऱ्याचं आहे, आणि सुमन नांदेडला होती.